घरी केलेले चिलखत



या मालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांच्या मनात महागाईभत्ता, कंत्राटी कामगार असे काहीतरी असावे. "चिलखत घरी कसे करावे आणि अंगाला कसे बसवावे" असे आम्ही कळविल्यावर चार दिवस उत्तर आले नाही. पाचव्या दिवशी फोन आला, की हे रूपक आहे काय? आम्ही सांगितले, रूपक नाही. छातीला-पाठीला बांधायचे, हातात दस्ताने चढवायचे, डोक्यावर टोप घालायचा, ते चिलखत. बोनसवर आम्ही वर्षभर बोलतच असतो. वसंतातल्या संध्याकाळी तुम्ही मंडळी घरची कामे टाकून आलात, तर आज निराळे काही ऐका.

आमच्या संघटनेत नाटकाचे वेड जुने आहे. पाळी सुटल्यावर तालीम, तालमीनंतर शेवटची गाडी, आणि सकाळी पुन्हा भोंगा, असे करून आमची माणसे कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरतात. मागे एकदा ऐतिहासिक नाटक घेतले. त्यात एक आदिलशाही सरदार शेवटच्या अंकात पूर्ण चिलखतात येतो आणि पाऊण तास रंगमंचावरच राहतो. ही भूमिका पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या आमच्या एका सभासदाकडे होती. छाती रुंद, मान आखूड, आवाज खणखणीत. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट प्रेसखाली गेलेले.

कपडेपटवाल्याकडून भाड्याने पत्र्याचे चिलखत आणले. ते कोणाच्या मापाने केले होते देव जाणे. पहिल्याच तालमीत दिग्दर्शक ओरडू लागले, "अरे, हात वर कर! आव्हान देतोयस तू!" आणि आतून आवाज आला, "मास्तर, वर जातच नाही!" पत्र्याची कड काखेत रुतली होती. चिलखत उतरविले तेव्हा दोन्ही काखांत रक्त साकळलेले होते. आम्ही रागाच्या भरात म्हणालो, "राहू दे हे भाड्याचे. आपण घरी करू." रागाच्या भरात केलेली घोषणा पुढे निभवावी लागते, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे. तीन महिने हातात होते.

आम्हांला चिलखताचे काही ज्ञान नव्हते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात बरेच झालेले. म्हणून आधी पाहायला गेलो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबर बादशहाचे चिलखत आणि ढाल मांडलेली आहे. आपल्याकडच्या दरबारांत 'चार-आईना' नावाचा प्रकार चालत असे. नाव फारसी, अर्थ चार आरसे. छातीवर एक पत्रा, पाठीवर एक, आणि दोन्ही कुशींना एकेक. चारही पट्ट्यांनी किंवा बिजागऱ्यांनी जोडलेले. त्याखाली कड्यांच्या जाळीचा अंगरखा. मनगटापासून कोपरापर्यंत दस्ताना. डोक्यावर वाटीसारखा टोप, त्याला नाकावर सरकणारी पट्टी, आणि मानेभोवती जाळीची झालर. कुशीच्या दोन पत्र्यांची वरची कड अर्धचंद्रासारखी कापलेली असते, कारण तेथे काख येते. त्या अर्धचंद्राचा आम्ही इतका वेळ अभ्यास केला की पहारेकरी दोनदा येऊन पाहून गेला. आमच्या नटाच्या काखेतले रक्त त्या एका अर्धचंद्राच्या अभावी निघाले होते. चारशे वर्षांपूर्वीच्या लोहाराला जे ठाऊक होते ते भाड्याच्या चिलखतवाल्याला ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून त्याला पर्वा नव्हती.

आता वजन. चिलखत म्हटले की जड, इतके जड की माणसाला हलता येत नाही, अशी आपली कल्पना असते. युरोपातल्या सरदारांना घोड्यावर बसविण्यासाठी यारी लावावी लागे, ही गोष्ट तर सर्वांना ठाऊक. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४४ सालच्या 'हेन्री द फिफ्थ' चित्रपटात तसे दाखविलेही आहे. ते खोटे आहे. लढाईचे पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचे असे, आणि ते अंगभर वाटलेले असल्याने माणूस स्वतः घोड्यावर चढत असे. पण या वाटणीलाही एक किंमत आहे. २०११ साली इंग्लंडात काही शास्त्रज्ञांनी पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या हुबेहूब प्रती माणसांना घालून त्यांना चालत्या पट्ट्यावर चालविले आणि त्यांचा श्वास मोजला. चालायला नेहमीच्या दुपटीहून अधिक शक्ती लागली, धावायला जवळजवळ दुप्पट. तेवढेच ओझे पाठीवर घेतले असते तर इतका त्रास झाला नसता. कारण असे की पोटऱ्यांवर आणि पावलांवर बांधलेले लोखंड प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावे लागते. शिवाय छातीच्या पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही. माणूस उथळ आणि भराभर श्वास घेतो. गोदीत ओझी उचलणाऱ्या कोणाही माणसाने हे शास्त्रज्ञांना फुकट सांगितले असते. असो, मोजले हे चांगलेच झाले.

घरी केलेल्या चिलखताचे एक उदाहरण फार दूरचे आहे, पण सांगण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात नेड केली नावाचा गरीब शेतकरी कुटुंबातला दरोडेखोर होऊन गेला. पोलीस मागावर असताना त्याने आणि त्याच्या तीन साथीदारांनी नांगराचे पत्रे, म्हणजे तासातली माती उलटवणारा जो जाड लोखंडी भाग, ते जमवून चिलखते केली. २००३ साली त्यांतल्या एका चिलखताचे लोखंड प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा ते लोहाराच्या चांगल्या भट्टीत नव्हे तर रानातल्या साध्या जाळावर कमीजास्त तापवून ठोकलेले असावे असे दिसून आले. खुद्द नेडचे चिलखत सुमारे ४४ किलोचे! २८ जून १८८० रोजी ग्लेनरोवन येथे तो ते घालून पोलिसांसमोर आला. छातीवर, टोपावर गोळ्या आदळून परतू लागल्या. पण टोपाच्या फटीतून नीट दिसेना, बंदूक खांद्याला लागेना, आणि पाय तर उघडेच. पोलिसांनी पायांवर गोळ्या झाडल्या आणि तो पडला. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला त्याला फाशी झाली. त्याच्या चरित्राचा बरेवाईटपणा हा वेगळा विषय. आम्ही त्यातून एवढेच उचलले, की जाडी वाढवून भागत नाही. हात वर जातो का आणि डोळ्यांना दिसते का, हे आधी पाहावे.

आपल्याकडे चिलखत म्हटले की १० नोव्हेंबर १६५९ आठवतो. प्रतापगडाच्या भेटीला शिवाजी महाराज अंगरख्याखाली जाळीचे चिलखत घालून गेले, हे लहान पोरही सांगेल. परंतु ते चिलखत दिसू नये म्हणून घातलेले होते. आमचे दिसावे म्हणून घालायचे होते, तेही शेवटच्या रांगेतल्या माणसाला. त्यामुळे तलवार अडविण्याची जबाबदारी आमच्यावर नव्हती. लोखंड गेले, वजन गेले. राहिला प्रश्न मापाचा.

मापासाठी आम्ही आमच्या चाळीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे गेलो. चाळीस वर्षे ब्लाउज शिवणाऱ्या बाईइतके माणसाचे धड कोणाला कळते? नटाला उभा केला, आणि आम्ही टेप घेऊन छाती मोजू लागलो. मावशी म्हणाल्या, "दादा, हा नाटकात नुसता उभाच राहणार आहे का?"

"नाही. बसतो, मुजरा करतो, शेवटी पडतो."

"मग बसवून माप घ्या. आणि त्याला म्हणावं, छाती भरून श्वास घे, नि तसाच राहा."

उभ्या माणसाचे माप घेऊन केलेली छाती माणूस बसला की वर सरकते आणि हनुवटीवर आपटते. छातीचा पत्रा बेंबीच्या वर, जेथे माणूस वाकतो त्या रेषेवर संपला पाहिजे. त्याच्या खालचे भाग वेगळे करून पट्ट्यांनी लोंबते ठेवायचे. जुन्या चिलखतांची चित्रे आम्ही नंतर पुन्हा पाहिली तेव्हा सगळी तशीच निघाली.

मावशींनी साचा काढण्याची जी रीत सांगितली ती अशी. जुनी बनियन घालायची. तिच्यावर डब्यावर गुंडाळतात तसले पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचे. त्यावर चिकटपट्टीचे दोन थर, फार आवळायचे नाहीत. माणूस पार्सलासारखा दिसू लागतो. मग शाईच्या पेनाने त्याच्या अंगावरच रेघा ओढायच्या : मधली, खांद्याची, मुंढ्याची, कुशीची, कमरेची. कात्रीने कुशीच्या रेघेवर कापून कवच उतरवायचे आणि जमिनीवर पसरायचे. जेथे ते सपाट बसत नाही, फुगते, तेथे कापायचे. तोच चिलखताचा सांधा. हे सगळे वर्तमानपत्रावर उतरवून घेतले की साचा झाला.

या कामात वाकबगार असलेले लोक सांगतात की अर्ध्या अंगाचाच साचा करावा आणि दुसरी बाजू उलटवून कापावी. आम्ही तसेच करणार होतो. मावशींनी कवच मधोमध दुमडले आणि दोन खांदे एकावर एक ठेवले. ते जुळेनात. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली होता आणि उजवी बाजू पाठीत जास्त भरलेली. मावशींनी विचारले, "काय काम करतो हा?" आम्ही सांगितले. "किती वर्षं?" "बावीस." मावशी काही बोलल्या नाहीत, त्यांनी दुसरे वर्तमानपत्र उघडले आणि दुसऱ्या बाजूचा वेगळा साचा काढायला घेतला.

आता साहित्य. पूर्वी नाटकवाले पुठ्ठा, कागदाचा लगदा, कातडे, पत्रा वापरीत. पुठ्ठा स्वस्त, पण घामाने दोन प्रयोगांत मऊ पडतो. लगदा सुंदर होतो, पण आपटला की तडकतो. आजकाल हौशी मंडळी जगभर वापरतात तो चपलांच्या तळांचा फोम, त्याला ईव्हीए म्हणतात. तो चपला करणाऱ्यांना माल पुरविणाऱ्या दुकानात ताव्यांनी मिळतो. छाती-पाठीला १० मिलिमीटर, हातांना ५ किंवा ६, वरच्या नक्षीला २ मिलिमीटर पुरतो. कापायला धारदार कटर. पाते बोथट झाले की फोम कापला जात नाही, फाटतो. म्हणून पाती बदलत राहावे, तेथे काटकसर करू नये.

येथे आमची एक फजिती. पहिली छाती-पाठ साच्याप्रमाणे तंतोतंत कापली, जोडली, आणि ती दोन बोटे तोकडी पडली. कारण गणित. फोम एक सेंटिमीटर जाड असला तर बाहेरचा घेर आतल्या घेरापेक्षा सव्वासहा सेंटिमीटरने मोठा होतो. सपाट ताव वाकविताना ही वाढ कोठून तरी भरून यावी लागते. शाळेत असताना वर्तुळाचा परीघ या धड्याला आम्ही गैरहजर होतो. तो धडा पन्नाशीनंतर असा वसूल झाला. नंतर साच्याला कुशीत माया ठेवली.

फोमला गोलाई यावी म्हणून गरम हवेच्या यंत्राने तो तापवायचा. तापला की त्यावर किंचित चकाकी येते. त्याच वेळी वाकवून गार होईपर्यंत दाबून धरायचा, म्हणजे आकार कायम राहतो. छाती आम्ही घागरीवर दाबली, टोप पातेल्यावर, दस्ताने पाण्याच्या पाइपावर. जास्त तापविला तर फोम जळतो आणि धूर घशाला लागतो. त्यापायी घरची एक घागर बरेच दिवस वादाचा विषय होती.

जोडकामाला चपलांचे पिवळे सोल्यूशन. दोन्ही कडांना लावायचे, हाताला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यायचे, मग कडेला कड मिळवायची. एकदा चिकटले की सुटत नाही, म्हणून नेम धरून चिकटवावे. हे काम आम्ही आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, रात्री, दार लावून केले. शेजाऱ्यांना वासाचा त्रास नको म्हणून. दुसऱ्या रात्री आमचे डोके इतके दुखले की भिंत धरून उभे राहावे लागले. मळमळ वेगळीच. आम्हांला वाटले पित्त झाले. मग डब्यावरचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचले.

श्रोतेहो, येथे आम्ही थोडे थांबणार आहोत. अशा सोल्यूशनात रबर पातळ करण्यासाठी उडून जाणारी रसायने घातलेली असतात. टोल्युईन हे त्यांतले एक. पूर्वी अनेक ठिकाणी बेंझीन वापरीत. इस्तंबूलमधले डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ साली दाखवून दिले की बेंझीनच्या सोल्यूशनाने जोडे चिकटविणाऱ्या कामगारांत रक्ताचा कर्करोग नेहमीपेक्षा अधिक होतो. त्याआधी, १९६०च्या दशकात, जपानात घरोघरी सपाता चिकटविणाऱ्यांचे हातपाय बधिर आणि लुळे पडू लागले. ते हेक्झेन नावाच्या द्रवाने झाले असे आढळले. ही सारी माणसे लहान, बंद खोल्यांत काम करणारी होती.

आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक गल्ली आहे. तेथे बायका घरी बसून चपलांचे पट्टे चिकटवितात, नगावर मजुरी घेऊन. त्या गल्लीत आम्ही कैक वर्षे सभासदत्वाचे अर्ज घेऊन जात आहोत. वास येतो हे आम्हांला ठाऊक होते. पण दहा मिनिटांपेक्षा जास्त आम्ही तेथे कधी बसलो नव्हतो. अर्ज भरायचा, पावती फाडायची आणि दुसऱ्या घरी जायचे. दोन रात्रींत आमचे जे झाले ते त्यांचे रोज होते, आणि त्याच खोलीत पाळण्यात मूल असते. एका बाईला आम्ही त्यानंतर विचारले, "डोकं दुखतं का हो?" तिने सांगितले, "दुखतं की. पण ते काय कामामुळं होय, ते बाईमाणसाचं दुखतंच." आम्ही चिलखत करायला बसलो नसतो तर हा प्रश्न विचारायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे. त्या गल्लीतल्या काही जणी आता चिकटविण्याचे काम ओट्यावर, उघड्यावर करतात. पावसाळ्यात पुन्हा आत. त्याचे उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही.

आम्ही मात्र काम गच्चीवर नेले. घरी करणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे : सोल्यूशन आणि गरम हवा ही दोन्ही कामे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि मुले दूर ठेवून.

रंगाचे थोडक्यात सांगतो. फोम रंग पितो. म्हणून सुताराचा पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून त्याचे तीन-चार हात द्यावे, प्रत्येक वेळी पुरते वाळवून. त्यावर काळा रंग सबंध. मग कोरड्या कुंचल्याने, बहुतेक रंग फडक्याला पुसून, वरवर चंदेरी घासावा. खाचांत काळे राहते, उंचवट्यावर चकाकते, आणि पंधरा फुटांवरून पोलाद दिसते. सगळीकडे सारखी चांदी फासली तर मिठाईचा डबा दिसतो. आमचा टोप पहिल्यांदा तसाच दिसला होता.

जाळीच्या अंगरख्याने आमची परीक्षा पाहिली. खऱ्या जाळीत प्रत्येक कडी चार कड्यांत अडकवलेली असते. आम्ही १६ गेजची जस्ती तार आठ मिलिमीटरच्या सळीवर गुंडाळून, स्प्रिंगसारखी कापून कड्या केल्या आणि दोन पकडींनी विणू लागलो. एक वीतभर तुकड्याला एक संध्याकाळ गेली. हिशेब केला : अशा एका कडीचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, अंगरख्याला पंधरा-वीस हजार कड्या, म्हणजे वजन आठ-दहा किलो, आणि वेळ मोजण्याचे आम्ही टाळले. तेव्हा चाळीतल्या तिघीजणी पुढे आल्या. जाड सुतळीसारख्या दोऱ्याचा सदरा त्यांनी जाड सुयांवर सैल विणला, आणि काळ्या रंगात बुडवून वर चंदेरी घासला. रंगभूमीवर आणि चित्रपटांत ही युक्ती जुनी आहे. फक्त टोपाची मानेभोवतीची झालर आम्ही खऱ्या कड्यांची केली, कारण नट मान वळवितो तेव्हा तिचा आवाज येतो. डोळ्यांना फसविता येते, कानांना तितके सोपे नाही.

आता अंगावर बसविणे. करण्याला दोन महिने लागले, बसविण्याला एक. आणि हा महिना वाचविण्याचा मोह सर्वांना होतो. आधी अंगात जाड अस्तर हवे. आम्ही जुन्या गोधडीची बिनबाह्यांची बंडी शिवून घेतली. चिलखताचे पट्टे या बंडीला जोडायचे, म्हणजे ओढ कातडीवर येत नाही आणि घाम गोधडी पिते. पट्टे आणि बकले मुलांच्या टाकाऊ दप्तरांची. खांद्यावर शक्य तितके कमी वजन ठेवावे आणि कमरेच्या रुंद पट्ट्यावर जास्त टाकावे. हमाल ओझे कसे घेतो ते पाहिले तर हे पुस्तकात शोधावे लागत नाही. खांद्याचे तुकडे एकमेकांवर मासोळीच्या खवल्यांसारखे चढवायचे आणि आतून कातड्याच्या पट्ट्यांवर बसवायचे, म्हणजे हात उचलला की ते एकमेकांखाली सरकतात. कोपर, काख, गुडघा येथे काही घालू नये. तेथे जाळी दिसली की पुरे.

मग परीक्षा. चिलखत घालून नटाने जिना चढायचा, उतरायचा, बसायचे, तीनदा मुजरा करायचा, पडून स्वतः उठायचे, आणि पाणी प्यायचे. या पाणी पिण्यावरून टोपाची नाकपट्टी पुन्हा करावी लागली. जेथे लागेल तेथे खडूने खूण करायची, उतरवायचे, कापायचे, पुन्हा घालायचे. आमचा नट पहिल्या दोन वेळा "कुठं लागत नाही" असेच सांगत राहिला. मावशींनी बंडी वर करून पाहिली तर बरगडीवर लाल वळ. कारखान्यातही असेच असते. १९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांसाठी 'योग्य' गॉगल द्यावेत असे म्हटले होते. त्या योग्य शब्दावर आम्ही वर्षे घालविली. एके ठिकाणी सगळ्यांना एकाच मापाचे हातमोजे मिळत. लहान हातांच्या बाया ते काढून ठेवीत, आणि साहेब म्हणत, दिले तरी वापरत नाहीत. त्या बायांनी मोजे का काढले, हे आम्हीही त्यांना तेव्हा नीट विचारले नव्हते.

शेवटी डाव्या हाताचा दस्ताना राहिला. तो मी करतो, मी करतो म्हणत सगळ्यांनी पुढे ढकलला होता. त्या हाताचा हिशेब मात्र आम्हीच मांडलेला होता. अपघातानंतर नुकसानभरपाईचे कागद आम्ही तयार केले. १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या यादीत एका हाताची दोन बोटे म्हणजे कमाईच्या शक्तीत शेकडा २० घट, असे लिहिलेले होते. त्याप्रमाणे आकडा काढला, भांडलो आणि मिळविला. त्या हाताचे टक्के आम्हांला पाठ होते. माप आम्ही पहिल्यांदाच घेत होतो. त्याने हात टेबलावर ठेवला. एरवी तो हात खिशात असतो.

आम्ही म्हणालो, "मोज्याला पाचही बोटं करू. दोहोंत कापूस भरला की लांबून कळणार नाही."

तो थोडा वेळ हाताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, हा सरदार पंचवीस वर्षं लढलाय म्हणता ना? मग त्याची दोन बोटं गेली असली तर प्रेक्षक काय तिकिटाचे पैसे परत मागणारेत?"

मोजा तीन बोटांचा केला. जेथे दोन बोटे नाहीत तेथे फोमचा छोटा खवला बसविला, तळहाताच्या कडेला आधार म्हणून. ढालीची अडचण आली. आपल्याकडच्या ढालीला मागे दोन मुठी असतात आणि त्या दोन्ही एकत्र मुठीत धरतात. करंगळीच्या बाजूची पकड नसली की ढाल गरकन फिरते. तेव्हा एक पट्टा दस्तान्यावरच शिवला आणि ढाल हाताच्या पट्टीला बांधली. हे जुन्या रिवाजाला सोडून आहे हे आम्ही कबूल करतो. कोणी इतिहासाचार्य बसले असतील तर त्यांनी क्षमा करावी.

प्रयोगाच्या रात्री विंगेत वजन केले : ढाल सोडून साडेचार किलो. पाऊण तास दिव्यांच्या उजेडात उभा राहून तो घामाने भिजला. पण हात वर गेला. सूचना नसताना त्याने डावा हात वर केला, ढालीसकट, आणि तीन बोटे दिव्यासमोर आली. पुढच्या रांगेत त्याच्या खात्यातले लोक होते. त्यांना ती बोटे ठाऊक होती. टाळी तेथून सुरू झाली. आम्हांला बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांना तिसरा प्रवेश लांबला असे वाटले, आणि तो लांबलाच होता.

नंतर शिवजयंतीच्या मिरवणुकांसाठी पोरे ते चिलखत मागायला येऊ लागली. कोणाच्याच अंगाला ते बसत नाही. उजवा खांदा पाऊण इंच खाली असलेला माणूस दर वेळी कोठून आणायचा? म्हणून आम्ही चिलखत देत नाही. पोराला मावशींकडे पाठवितो, आणि वर्तमानपत्र, चिकटपट्टी बरोबर न्यायला सांगतो. आतापर्यंत चार चिलखते झाली, गच्चीवरच.

मूळचे चिलखत आज येथे आणले आहे. त्या डाव्या बाजूच्या टेबलावर आहे. सभा संपल्यावर जवळ येऊन पाहा, उचलून पाहा, पट्टे सोडून आतले अस्तर पाहा. डावा दस्ताना मात्र त्यात दिसणार नाही. तो त्याने घरी ठेवला आहे, आणि मागितला तरी तो देत नाही.